भिंगरी हवालदार आणि लाल फडकं

मी एकदा माझ्याच मरणाच्या गर्दीत जाऊन उभी राहिले होते.

झालं असं, की सकाळी कुणाला न सांगता मी मुलुंडहून घाटकोपरला बहिणीकडे गेले. तिच्या हातचं कोलंबीचं तिखलं हादडलं, ती चहाला थांब म्हणत होती तरी थांबले नाही, आणि उन्हातून घरी येते तर आमच्या बिल्डिंगीखाली ही गर्दी! मला गर्दी फार आवडते. पर्स काखेत दाबली, टाचा उंच केल्या आणि पुढे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, “काय गं, कोण गेलं?”

बाई पलीकडच्या गल्लीतली, मला न ओळखणारी. जिन्याकडची नजर न हलवता म्हणाली, “तिसऱ्या मजल्यावरची आजी. एकटीच राहायची. फोन आत वाजतोय, पण उचलत नाही. आत्ता पोलिसांनी दार फोडलं.”

मी चुकचुकले. अगदी मनापासून. म्हटलं, “बिचारी! बघायला कुणी नव्हतं का?”

“मुलगी आहे म्हणे, पण नाशिकला.”

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी, मुलगी नाशिकला असणारी म्हातारी एकच होती आणि ती इथे टाचा उंचावून उभी होती. तेव्हा मी पासष्टीची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

माझं दार ज्याने फोडलं तो आमच्या बीटचा हवालदार. कागदोपत्री त्याचं आडनाव काहीही असो, कॉलनीत सगळे त्याला भिंगरी म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर ‘हवालदारसाहेब’. पण त्याला माहीत होतं, आणि पोरंटोरं चुकून ‘भिंगरीकाका’ म्हणाली तर तो रागवायचाही नाही. रागवायला थांबावं लागतं. थांबणं त्याला ठाऊकच नव्हतं.

कॉलनीच्या तोंडाशी पत्र्याची एक पोलीस चौकी होती. आत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एकीवर दुसरा शिपाई बसायचा, दुसरीवर त्या शिपायाचं हेल्मेट. भिंगरी खुर्चीत बसलाय असं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा तो चालता चालता प्यायचा, आणि जिथे संपेल तिथे ग्लास ठेवून पुढे. कुणाच्या कंपाउंडवर, कुणाच्या स्कूटरच्या सीटवर, एकदा तर आमच्या गणपतीच्या मंडपात मूषकाशेजारी. चहावाला रोज संध्याकाळी शिव्या घालत कॉलनीभर स्वतःचे ग्लास गोळा करत फिरायचा. पोरीच्या लग्नात कन्यादानाला तेवढा तो बसला, तेही भटजींनी दोनदा हाताला धरून खाली ओढल्यावर, असं त्याची बायको सांगायची. मी स्वतः त्याला बसलेला एकदाच पाहिला. ते येईलच पुढे.

माणूस कुडाळकडचा. मी मूळची मालवणची, पण जन्मले वाढले परळच्या गिरणगावातल्या चाळीत. तरी तेवढ्या धाग्यावर त्याने मला काकी करून टाकलं होतं. एरवी मुंबईचं मराठी बोलायचा, पण जीव कासावीस झाला की मालवणीत घसरायचा. त्यामुळे त्याच्या भाषेवरून मला त्याच्या जिवाची नाडी कळायची.

एकदा मी त्याला विचारलं होतं, “अरे, पायाला चाकं लावून जन्माला आलास का? टेक की जरा.”

तो व्हरांड्यात येरझारा घालत होता. म्हणाला, “बसलं ना काकी, की काय राहून गेलं ते आठवतं. चालताना बरं असतं.”

काय राहून गेलं होतं ते कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. आमच्या मागच्या बिल्डिंगीत कर्णिककाका राहायचे. एकटे, भिडस्त, कुणाकडे साखर मागायलाही न जाणारे. एका मे महिन्यात शेजारपाजार गावाला गेलेला असताना ते घरात पडले आणि गेले. काही दिवसांनी दाराशी दुधाच्या पिशव्या फुगलेल्या दिसल्या तेव्हा कुठे कळलं. पंचनाम्याला भिंगरीच होता. काम आटोपून तो आमचा जिना चढून आला, माझ्या दारात उभ्याने पाणी प्यायला, आणि ग्लास परत देताना म्हणाला, “रोज त्या खिडकीखालसून जाय होतंय मी. रोज.” आणि गेला. त्यानंतर तो आणखीच भरभर चालायला लागला असं माझं मत आहे.

मग त्याने फडक्यांची टूम काढली. कॉलनीतल्या एकट्या राहणाऱ्या आम्हा सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सकाळी उठलं की बाल्कनीच्या ग्रिलला एक लाल फडकं बांधायचं आणि दिवेलागणीला काढून आत घ्यायचं. तो सकाळच्या फेरीला खालून मान वर करून बघत जाणार. फडकं दिसलं की माणूस उठलंय, हिंडतंफिरतंय. नाही दिसलं की तो जिना चढणार. बस, एवढंच. ना फोन, ना बेल, ना ‘काय काकी, बऱ्या आहात ना?’ची कटकट.

शेजारच्या कुसुमवहिनीने पहिल्याच दिवशी एक लाल परकर टांगला आणि तो पंधरवडाभर काढलाच नाही. भिंगरीने खालून आरडाओरडा केला, “वहिनी, रात्री काढायचा! नाहीतर तुम्ही गेलात तरी परकर इथेच लटकत राहील, आणि मी खालून सलाम ठोकत जाईन!” कुसुमवहिनी वरून ओरडली, “तुझ्या तोंडात किडे पडोत!” पण त्या दिवसापासून परकर वेळेवर आत-बाहेर करायला लागली.

मी काय केलं असेल? आधी म्हटलं, मी कसले लाल बावटे लावणार नाही, मी काय संपावर आहे? मग लावायला लागले ते ब्लाउजपीस. एकदा मुद्दाम हिरवं लावलं. तो धापा टाकत वर आला, मी दार उघडून म्हटलं, “आज श्रावणी सोमवार ना, म्हणून हिरवं.” त्याने कपाळाला हात लावला. “काकी, माझे गुडघे पण सोमवार पाळतात हो,” म्हणाला, आणि भरभर खाली उतरला. कधी कावळ्याने फडकं पळवलं, कधी वाऱ्याने उडालं. तो धावत वर. मी माझ्या खिडकीतून ही सर्कस बघत हसायचे. लोक सिरियली बघायचे, मी भिंगरी बघायचे.

आणि मग आली रिडेव्हलपमेंट.

तीन मजली जुन्या बिल्डिंगी पाडायच्या आणि तिथे दोन उंच टॉवर उभे करायचे. आमच्या अंगात नुसती वीज खेळायला लागली. रोज कुणाच्या तरी घरी चर्चा, रोज भांडण. मी तर नकाशे बघून खुळावलेच होते. एका नकाशात मला एक निळा चौकोन दिसला आणि मी कॉलनीभर सांगत सुटले, की आपल्याला स्विमिंग पूल मिळणार. मी तर बहिणीला फोन करून पोहायचा ड्रेस कुठे मिळतो तेही विचारलं. नंतर कळलं, की तो निळा चौकोन म्हणजे आग विझवायच्या पाण्याची टाकी. पण तोवर ड्रेस आला होता. अजून कपाटात आहे. कोरा.

त्याच सुमारास सोसायटीने सभा बोलावली. नव्या वस्तीत माणसं कितीतरी पटीने वाढणार, पण बीट तेच, हवालदार तेच. तेव्हा पोलिसांचं काय म्हणणं आहे ते आधीच ऐकून घ्यावं, नकाशात नंतर काही बदलत नाही, असा विचार. स्टेशनातले मोठे साहेब येणार होते, पण ते कुठल्याशा बंदोबस्तात अडकले आणि त्यांच्या वतीने आला भिंगरी. हॉलमध्ये सगळे सतरंजीवर बसलेले, हा भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारत बोलतोय, आणि आमच्या माना टेनिसच्या मॅचसारख्या इकडून तिकडे.

आर्किटेक्ट म्हणून रेवती नावाची एक तरतरीत पोरगी होती. भिंगरीने सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी तिने आधीच नकाशात घेतल्या होत्या. पोलिसांची गाडी आत वळेल एवढं गेट, मागच्या बोळात दिवे. चौकीसाठी गेटलगत एक खोली होती, आणि तिचं दार रस्त्याकडे ठेवलं होतं. “म्हणजे पोलिसांना आमच्या वॉचमनला विचारून आत यायला नको,” रेवती म्हणाली. भिंगरी खूश झाला. त्याला कंपाउंडची भिंत बुटकी हवी होती, ते तिने साफ नाही म्हटलं, पण भिंतीऐवजी आरपार दिसणारी जाळी कबूल केली. गेटाबाहेर एक बाक हवं म्हणाला, तर सेक्रेटरी म्हणाले, तिथे टवाळ पोरं बसतील. “बसू देत की,” भिंगरी म्हणाला, “टवाळ पोरांचं लक्ष सगळीकडे असतं.” सगळे हसले. बाक मात्र मिळालं नाही.

मग त्याने नकाशासमोर येऊन एक प्रश्न विचारला. त्याच्या बोलण्यात मालवणी उतरलेली ऐकली आणि मी कान टवकारले. “मी खाली रस्त्यार उभो ऱ्हवलंय, तर ह्या काकींची बाल्कनी माका दिसतली?”

रेवतीने नकाशा सरळ केला. खाली गाड्यांचे मजले, त्यावर बाग, आणि घरं त्याच्याही वर सुरू होणार. ती म्हणाली, “नाही दिसणार, काका. रस्त्यावरून फक्त पार्किंगच्या जाळ्या दिसतील.”

“मग कोणाक दिसतली?”

रेवतीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आता कपडे वाळत घालायच्या बाल्कन्या मागच्या बाजूला आहेत, झडपांआड, बाहेरून कपडे दिसू नयेत म्हणून. पण आधीच्या नकाशात त्या आतल्या बाजूला होत्या. दोन टॉवरच्या बाल्कन्या बागेवरून एकमेकींसमोर. तशा फिरवता येतील. सभासदांनी हो म्हटलं तर.”

आणि मी उभी राहिले.

मला बोलायला उभं राहायला निमित्त लागत नाही. म्हटलं, “समोरच्याने माझ्या स्वयंपाकघरात बघावं म्हणून मी घर नवं करतेय का? सगळं बालपण चाळीत गेलं माझं. आमच्याकडे काय शिजलं ते तिसऱ्या खोलीला आधी कळायचं. आई रडली तर अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं. आता म्हातारपणी तरी माझ्याकडे कुणी बघू नये!”

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडल्या की मी वाहवत जाते.

भिंगरी थांबला. म्हणजे जागच्या जागी पाय हलवत थांबला. म्हणाला, “काकी, माणसाक दरवाजो बंद करूचो हक्क आसा. पण तो आत धड आसा काय नाय, ह्या कोणाक तरी कळाक होया.”

“तुम्हाला काय,” मी म्हटलं, “तुम्हाला तुमची फडकी वाचवायची आहेत. आता इंटरकॉम येणार, हवालदार! फडक्यांचा जमाना गेला!”

हशा. बहुतेक हात माझ्या बाजूने वर. पक्का निर्णय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. भिंगरीने टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. त्या दिवशी त्याच्या चालण्यात घाई नव्हती, तेवढं माझ्या लक्षात आलं.

आता माझा एक गुण सांगते. चूक माझी आहे असं आतून वाटायला लागलं, की मला समोरच्याचा राग येतो. भिंगरी दुसऱ्या दिवशीही तसाच खालून मान वर करून गेला. तिसऱ्या दिवशीही. रुसला असता, भांडला असता तर बरं वाटलं असतं. मी घरात नुसती आत-बाहेर करत होते. गॅस बंद केला का ते तीनदा बघत होते. शेवटी एका सकाळी ब्लाउजपीस हातात घेतलं आणि म्हटलं, आज नाही लावत जा! बघू किती जीव जातो याचा. ते खुर्चीवर फेकलं आणि तणतणत घाटकोपरला निघून गेले. फोन चार्जिंगला घरीच राहिला. दुसरी किल्ली कुसुमवहिनीकडे असायची, तीही मी आदल्या महिन्यात तिच्याशी वाटाणे सोलण्यावरून भांडून परत घेतली होती. म्हणजे घोळ घालायचा तर तो मी अगदी नीटनेटका घातला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. भिंगरीची सकाळची फेरी त्या दिवशी कुठल्याशा कामात दुपारवर गेली होती. फडकं नाही, दार बंद, आत फोन वाजतोय. त्याने आधी बेल दाबली, मग थापा मारल्या, मग हाका. मग खांदा.

मी गर्दीतून पुढे झाले तेव्हा तो जिना उतरत होता. हातात माझ्या दाराचं उखडलेलं लॅच. घर रिकामं पाहून आता मला कुठे शोधायचं या विचारात असणार. त्याने मला पाहिलं. पायरीवर होता तिथेच थबकला, आणि मग भिंगरी बसला. धप्पकन, जिन्यात, धुळीत, युनिफॉर्मसकट. टोपी बाजूला काढून ठेवली. एकच शब्द म्हणाला.

“आसात.”

म्हणजे, तुम्ही आहात. त्यावर या शहाण्या बाईने काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, “आहे म्हणजे? जाणार कुठे? आणि माझं दार?”

लोक हसले. कुसुमवहिनी मात्र वरून धावत आली आणि रडत रडत माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, “मेले, सांगून तरी जायचंस! हातातला परकर ठेवायचंही सुचलं नाही गं मला!” तिच्या हातात तो लाल परकर तसाच होता.

भिंगरी बराच वेळ बसून राहिला. चहावाल्याने चहा आणून दिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला आपला ग्लास दिला तिथेच परत मिळाला. मला वाटलं, दार फुकट फोडलं म्हणून ओशाळलाय. मनातून जरा बरंही वाटलं. संध्याकाळी सुतार घेऊन तोच आला, दार बसेपर्यंत जिन्यात येरझारा घालत राहिला, आणि एका शब्दाने मला बोलला नाही.

पुढच्या सभेत बाल्कन्यांचा विषय आला तेव्हा मी सगळ्यात आधी हात वर केला. समोरासमोरच्या बाजूने. सेक्रेटरींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “अहो, तुम्हीच तर—”

“कपडे वाळायला वारा लागतो,” मी म्हटलं. “झडपांआड कुबट वास येतो कपड्यांना. एवढंसुद्धा कळत नाही का पुरुषांना?”

खरं कारण सांगायची माझी प्राज्ञा नव्हती. पण आधी सगळ्यात मोठ्याने विरोध करणारी बाईच फिरली म्हटल्यावर बाकीचे हातही हळूहळू वर गेले. रेवती मान खाली घालून नकाशावर खुणा करत होती. हसत होती की काय कोण जाणे. भिंगरी दाराशी उभा होता. त्याने एक गिरकी घेतली आणि फेरीला गेला.

मग बिल्डिंगी रिकाम्या झाल्या, आम्ही भाड्याच्या घरांत पांगलो. मी भांडुपला, कुसुमवहिनी मुलाकडे कल्याणला. तिथेच ती गेली. तिचा परकर नव्या घरात लागलाच नाही. तिच्या दिवसांचं आटोपून मी एकदा मुलुंडला उतरले, म्हटलं आपली जागा बघून येऊ. भोवती निळे पत्रे ठोकलेले, आत नुसता खड्डा. आणि पत्र्यांच्या कडेकडेने भिंगरी चालला होता, जुन्या सवयीने मान वर करून. वर काय होतं? आमचा तिसरा मजला होता तिथे आता नुसतं आकाश. मी हाक मारली नाही. चालू दिलं.

टॉवर अर्धे झाले तेव्हा तो रिटायर झाला. चौकीसमोर छोटा समारंभ केला, फुलं लावलेली खुर्ची ठेवली. तो बसला नाही; हार उभ्या उभ्याच घालून घेतला. मला म्हणाला, “काकी, आता खालसून बघणारो कोण नाय. समोरच्याक सांगा.” आणि कुडाळच्या गाडीला निघून गेला. जाताना मागे वळून पाहिलं नाही, कारण त्यासाठी थांबावं लागलं असतं.

आता मी त्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. बागेपलीकडे, बरोबर समोर, गालाकाका. कच्छी, एकटे, हट्टीपणात माझ्याहून दोन पावलं पुढचे. राहायला आले त्याच आठवड्यात मी घावन्यांचं ताट घेऊन त्यांचं दार वाजवलं. त्यांनी साखळी न काढता फटीतून सांगितलं, “बेन, आमाला नको. आमच्याकडे पॉलिसी आहे.” त्यांना फडकं समजवायला दोन ताटं घावने लागले. शेवटी पटलं. गेलेल्या बायकोच्या स्वयंपाकघरातलं एक लाल नॅपकिन त्यांनी काढलं, आणि रोज सकाळी त्यांचं नॅपकिन आणि माझं ब्लाउजपीस एकमेकांना राम राम करायला लागलं. दुसरी किल्ली मात्र द्यायला तयार नाहीत. “चावी नाय देणार, बेन. तुम्ही फ्रिज उघडून बघाल.” माणसं ओळखतात.

गेल्या महिन्यात एका सकाळी समोर नॅपकिन नव्हतं.

मी चहा केला. पुन्हा पाहिलं. नव्हतं. म्हटलं, उठायला उशीर झाला असेल. चहा गार झाला. फोन लावला, कुणी उचलेना. इंटरकॉम लावला, नुसता वाजतोय. मी बाल्कनीतून खोलीत, खोलीतून बाल्कनीत. मग चपला पायात कशा घातल्या, बाग ओलांडून पलीकडे कशी गेले, काही आठवत नाही. बेल दाबली. थापा मारल्या. हाका मारल्या. वॉचमन म्हणाला, “आजी, दार तोडायला कमिटीची परमिशन लागेल.” मी म्हटलं, “कमिटीला म्हणावं, आज श्रावणी सोमवार आहे!” काय बोलत होते माझं मलाच कळत नव्हतं. मग गेटलगतच्या चौकीवर फोन केला. त्या रस्त्याकडच्या दारातून एक पोलीस शिपाई पोरगी तरातरा वर आली. तिने एकदाच विचारलं, “आजी, नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” वॉचमनने पहार आणली. दार फुटेपर्यंत मी त्या कॉरिडॉरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होते. कुणीतरी स्टूल दिलं. मी त्याला वळसा घालून चालत राहिले.

दार उघडलं. बेडरूम, बाथरूम, गॅलरी. घर रिकामं.

इतक्यात लिफ्ट वाजली, आणि हातात गाठियांची पुडी घेऊन गालाकाका बाहेर आले. देरासरात, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात जाऊन, तिथून फिरत फिरत आले होते. नॅपकिन वाऱ्याने उडून खाली बागेत पडलेलं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि किंचाळले, “अरे! माझा दरवाजा! कोणी तोडला?” पोलीस पोरीने हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

पण मी तिथे उभी नव्हते. मी खाली फरशीवर बसले होते. कधी बसले, कशी बसले, माहीत नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “आहात.”

“आहे म्हणजे?” गालाकाका भडकले. “मी कुठे जाणार? आणि माझा दरवाजा?”

मला हसूही येत होतं आणि उठताही येत नव्हतं.

संध्याकाळी भिंगरीला फोन लावला. तो शेताच्या बांधावरून चालत होता; फोनमध्ये वारा भरलेला. मी सगळं सांगितलं. नॅपकिन, पहार, गाठिया, फरशी. म्हटलं, “अरे, आता कळलं तू तेव्हा जिन्यात का बसला होतास. आणि मी मेली तुला दाराचं विचारत होते!” पलीकडचा चालण्याचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, “बसलात मां काकी? मगे बसा. उठाची घाई करू नका. त्या दिवशी माका पण माझे पाय सापडाक वेळ लागलो.”